बंदूक घरपोच येत नसते

भात पोटरीला आले, भुईमुगात शेंग भरू लागली, की डुकरांची पावले रानाकडे वळतात. शेतकरी बंधूंनो, माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवत रात्र काढणे म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. तीन वाजेपर्यंत जागावे, पहाटे जरा डोळा लागावा, आणि उजाडल्यावर पाहावे तो बांधाकडचे अर्धे रान नांगर फिरवल्यासारखे उलथलेले. अशा सकाळी माणसाच्या मनात एकच विचार येतो. घरात एक बंदूक असती तर!

हा विचार तुमच्या मनात येतो हे जसे तुमच्या घरच्यांना ठाऊक असते, तसेच ते दूर कुठे तरी फोन घेऊन बसलेल्या भामट्यांनाही ठाऊक असते. त्यांनी तुमचे रान पाहिलेले नसते. पण मोबाइलवर ‘डुकरांचा बंदोबस्त’ म्हणून दोन-चार चित्रफिती पाहिल्या, की तिसऱ्या दिवशी त्याच मोबाइलवर चकचकीत दुनळीचा फोटो येऊन उभा राहतो. खाली लिहिलेले असते, ‘बारा बोर, वापर कमी, कागद क्लिअर, घरपोच.’

सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावातले आमच्या ओळखीचे एक गृहस्थ अशा फोटोला भुलले. माणूस अडाणी नव्हे. बारावी शिकलेला, सोसायटीचे व्यवहार बघणारा, बैल घेताना दहा बाजार पालथे घालणारा. त्यांची हकीगत जशी कानावर आली तशी सांगतो, कारण यात फसवण्याची सगळी तऱ्हा दिसते.

जाहिरातीत दुनळीची किंमत अठरा हजार होती. फोन लावला तर समोरचा मोठ्या अदबीने बोलला. म्हणाला, “भाऊ, मी फौजी आहे. बदली झाली, बंदूक नेता येत नाही, म्हणून स्वस्तात काढतो आहे.” लगोलग वर्दीतला फोटो आला, ओळखपत्र आले, कँटीनचे कार्ड आले. आपल्याकडे फौजी म्हटले की माणूस अर्धा विश्वास तिथेच टाकतो. गावागावांतली पोरे सैन्यात आहेत, त्यांचा मान आहे. नेमका तोच मान हे चोर गहाण टाकतात. ओळखपत्राचा फोटो कुणाचाही असू शकतो. आधी फसलेल्या एखाद्या खऱ्या जवानाचाही.

पहिल्यांदा मागितले दोन हजार. ‘बुकिंग’चे. एवढे जायला काय हरकत, म्हणून गृहस्थांनी पाठवले. दुसऱ्या दिवशी साडेतीन हजार, ‘तुमच्या नावाने कागद करायचे’ म्हणून. तिसऱ्या दिवशी एका टेम्पोचा फोटो आला, त्यात लांबट खोके. चला, माल निघाला! संध्याकाळी फोन आला, की नाक्यावर गाडी अडवली आहे, साडेपाच हजार भरले तर सुटेल, नाही तर तुमच्या नावावर केस होईल. आता आला भीतीचा भाग. तेही भरले. मग शेवटचे नऊ हजार, ‘विम्याचे, माल मिळताच परत’ म्हणून. असे चार हप्त्यांत वीस हजार गेले. म्हणजे बंदुकीच्या किमतीहून दोन हजार वरच. ते पैसे खताचे होते.

यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की दोन हजारांनंतरचा प्रत्येक हप्ता हा आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून भरला गेला. दोन हजार वाचवायला साडेतीन, साडेपाच वाचवायला नऊ. विहिरीत पडलेली बादली काढायला दोर टाकावा, दोर काढायला गळ टाकावा, तसे. आणि समोरच्याला हे पक्के माहीत असते. म्हणून तो पहिला आकडा नेहमी लहान ठेवतो.

पुढे ऐका. वीस हजार गेल्यावर फोन बंद झाला. गृहस्थ गप्प बसले. बायकोलाही सांगितले नाही. पंधरा दिवसांनी वेगळ्याच नंबरावरून फोन आला. “क्राइम ब्रँचमधून बोलतोय. एक शस्त्रविक्रेता पकडला आहे, त्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर, तुमचे पैसे. अटक टाळायची असेल तर पंचवीस हजार.” चित्रफितीवर वर्दीतला साहेब, मागे भिंतीवर अशोकस्तंभ. घासाघीस करून पंधरावर तडजोड झाली. मंगळसूत्राचे डोरले गेले, तेव्हा घरात कळले.

हा दुसरा फोनही त्याच टोळीचा होता. पहिल्या हाताने बंदूक दाखवायची, दुसऱ्या हाताने बेडी दाखवायची, असा त्यांचा धंदा.

आता विचारा, की हा माणूस पोलिसांत का गेला नाही? इथेच सगळी मेख आहे. जुना ट्रॅक्टर घेताना फसलेला माणूस ओरडत चावडीवर जातो. म्हैस घेताना फसलेला दलालाची गचांडी धरतो. पण परवाना नसताना बंदूक घ्यायला निघालेला माणूस कुणाला सांगणार? त्याच्या स्वतःच्याच पोटात भीती असते. चोराचे भांडवल बंदूक नव्हे, चोराचे भांडवल तुमची ही गप्प बसण्याची पाळी आहे. म्हणून तर हा धंदा त्याला इतका सोपा जातो. द्यायला बंदूक त्याच्याजवळ नसतेच.

आणि समजा, शंभरात एखाद्याजवळ असली, आणि खरोखरच घरी आली, तर? तर ते आणखी वाईट.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू आहे आणि त्याखाली २०१६ चे शस्त्र नियम. या कायद्याचे तिसरे कलम सांगते, की परवान्याशिवाय बंदूक मिळवायची नाही आणि बाळगायचीही नाही. ‘मी वापरली नाही, नुसती माळ्यावर ठेवली होती’ हा बचाव चालत नाही. २०१९ च्या डिसेंबरात कायदा दुरुस्त होऊन आणखी कडक झाला. परवान्यावाचून साधी बंदूक बाळगली तर कमीत कमी दोन वर्षे आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद, शिवाय दंड. विनापरवाना विकणाऱ्याला कमीत कमी सात वर्षे, आणि ती शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. फोनवर जी काळी पिस्तुले दाखवतात, त्यांतली ९ मि.मी.ची तर मनाई असलेल्या बोरमध्ये मोडतात. ती जिल्ह्याच्या ठिकाणी परवान्यावर मिळणारी चीजच नव्हे. तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातातला. असले हत्यार घरात सापडले तर सात वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची बात आहे.

शिवाय चोरवाटेने आलेल्या हत्याराचा नंबर बहुधा घासून काढलेला असतो. नंबर खोडणे हाही गुन्हा आहे. ते हत्यार आधी कुठे चालले, कुणाच्या अंगावर चालले, हे तुम्हांला कोण सांगणार? डुकरासाठी आणलेले लोखंड खुनाच्या चौकशीत निघायचे. आणि गावठी कट्टा हा प्रकार तर असा, की त्याची नळी बंदुकीची असतेच असे नाही, पाण्याच्या पाइपाचा तुकडाही असतो. तो पुढच्याला लागेल की धरणाऱ्याचा हात नेईल, याची खात्री तो बनवणाराही देत नाही.

तेव्हा एक गोष्ट मनाशी बांधून ठेवा. आपल्या देशात बंदूक घरपोच येत नसते. कुरिअरने येत नाही, टेम्पोतून येत नाही, फौजी मित्राच्या हातून येत नाही. परवाना असलेला माणूस स्वतः जातो, परवाना दाखवतो, नंबर ताडून घेतो, आणि मग घेऊन येतो. ‘घरपोच’ हा शब्द दिसला, की समोर चोर आहे असे समजून फोन ठेवावा. दुसरा पुरावा शोधत बसायची गरज नाही.

काही जण म्हणतील, एअरगन तर उघड मिळते. खरे आहे. ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मि.मी. बोरची आणि २० जूलपर्यंत जोर असलेली एअरगन परवान्यावाचून घेता येते. पण याच सवलतीचा फायदा घेऊन भामटे एअरगनचा फोटो घालतात आणि खासगीत ‘असली पण आहे’ म्हणून कानात सांगतात. आणखी एक. एअरगनच्या छर्ऱ्याने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन अंगावर मात्र येते. रानातल्या पाखरांवर ती चालवली तर वन्यजीव कायद्याखाली वेगळा गुन्हा.

सरळ वाट

आता कुणी म्हणेल, मग शेतकऱ्याने बंदूक घ्यायचीच नाही काय? तसे मुळीच नाही. उलट कायद्याने शेतकऱ्याचा विचार केलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९५९ च्या कायद्याच्या तेराव्या कलमात पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. खरोखर शेती राखण्यासाठी मागत असाल, तर परवाना देण्याची तरतूद त्यात लिहिली आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर अशा शेतीसंरक्षणाच्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या परवान्यावर आहेत. निवडणूक आली की त्या ठाण्यात जमा करायच्या, निकाल लागला की पावती दाखवून परत आणायच्या, हे तिकडच्या लोकांच्या अंगवळणी पडले आहे.

परवाना ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत आयुक्तांकडून. वय एकवीस पूर्ण पाहिजे. अर्जासोबत सातबारा, राहण्याचा पुरावा, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या शिक्षणाचा दाखला असे कागद लागतात. पोलिसांचा चौकशी अहवाल मागवला जातो. जंगली जनावरांनी केलेल्या नुकसानीचे पंचनामे आणि वनखात्याकडे केलेले अर्ज जपून ठेवले असतील तर ते जोडावे, कारण गरज खरी आहे हे त्यांवरून दिसते. नकार दिला तर तो कारणासह लेखी द्यावा लागतो, आणि त्यावर अपील करता येते. मिळालेला परवाना पाच वर्षांचा असतो आणि एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. वेळ लागतो, खेटे पडतात, हे कबूल. या खेट्यांना कंटाळूनच माणूस फोनवरच्या दुनळीकडे वळतो, आणि याबद्दल कचेऱ्यांनीही थोडा विचार केला तर बरे होईल.

या कंटाळ्यावर जगणारा आणखी एक दलाल आहे. तो म्हणतो, “बंदुकीचे राहू द्या, परवानाच करून देतो. आपल्या जिल्ह्यात त्रास देतात, बाहेरून काढू.” सावध. २०१७ साली राजस्थान पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाने जम्मू-काश्मीरमधून निघालेल्या बनावट परवान्यांचे मोठे प्रकरण उघडकीस आणले. २०१८ मध्ये तपास सीबीआयकडे गेला, आणि २०१२ ते २०१६ या काळात तिथे दिले गेलेले दोन लाखांहून जास्त परवाने संशयाखाली आले. परवाना नेहमी आपण राहतो तिथल्या अधिकाऱ्याकडून काढायचा. आता प्रत्येक खऱ्या परवान्याला राष्ट्रीय नोंदीतला एक क्रमांक असतो, त्याला यूआयएन म्हणतात. हा क्रमांक नसलेला परवाना म्हणजे नुसता रंगीत कागद. विकणाऱ्याने परवाना दाखवला तर तो क्रमांक उतरून घ्यावा आणि कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत जाऊन विचारावा. मोबाइलवरच्या फोटोवर भागवू नये.

जुनी बंदूक घेताना

परवाना हातात आला, की नवी घ्यायलाच पाहिजे असे नाही. परवानाधारक माणूस आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकू शकतो. अट अशी, की विकणाऱ्याने आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला लेखी कळवायचे, घेणाऱ्याचे नाव-पत्ता द्यायचा, आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस जाऊ द्यायचे. हे पंचेचाळीस दिवस फार मोलाचे आहेत. ‘आज रात्रीत घ्या, उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे’ असे म्हणणारा माणूस कायद्याने विकत नाही हे इथेच उघड होते. खऱ्या सौद्याला घाई नसते. पैसेही कागद पुरे झाल्यावर, बँकेतून, पावती घेऊन द्यावे. विसार द्यायचाच असेल तर तोंडओळखीच्या माणसाला, साक्षीदारासमोर, लिहून घेऊन.

त्याहून सोपी वाट म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणचा परवानाधारक शस्त्रविक्रेता. त्याच्याकडे लोकांनी विकायला ठेवलेल्या जुन्या बंदुकाही असतात, त्याची नोंदवही तपासली जाते, आणि उद्या काही तक्रार निघाली तर त्याचे दुकान जागेवर असते. चार पैसे जास्त पडतील. पण बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा करणारे आपण लोक, बैलाचे दात बघतो, शेपूट उचलून बघतो, चार पावले चालवून बघतो. मग बंदूक फोटोवर का घ्यावी?

बंदूक समोर आली, की पहिल्यांदा ती रिकामी आहे याची खात्री करून घ्या. विकणारा ‘रिकामी आहे हो’ म्हणाला तरी उघडून स्वतः पाहा. मग नंबर. बंदुकीवर ठोकलेला नंबर, बनवणाऱ्याचे नाव आणि बोर हे परवान्यावर लिहिलेल्याशी अक्षर-अक्षर जुळले पाहिजे. एक आकडा जरी खरवडलेला दिसला तर हात जोडून उठावे. नळीवर परीक्षा झाल्याची खूण असते. कारखान्यात जास्त दारू भरून नळी तपासतात आणि मग ती खूण ठोकतात. नळी उजेडाकडे धरून आतून पाहा. आरशासारखी दिसली पाहिजे. आत देवीच्या व्रणांसारखे खड्डे असतील तर गंजाने नळी खाल्ली आहे. दुनळीच्या दोन नळ्या पट्टीने जोडलेल्या असतात. नळ्या सुट्या काढून, दोरीला टांगून लाकडाने हळूच टिचकी मारावी. जोड पक्का असला तर घंटेसारखा नाद निघतो, सुटलेला असला तर बद्द वाजते. बाजारात आपल्या घरच्या बाया मडके वाजवून घेतात, तोच न्याय. बंद केलेली बंदूक हलवून पाहा. सांध्यात खडखड झाली तर ती ढिली झाली आहे.

फार जुन्या विलायती बंदुकांत एक धोका असतो. काहींच्या नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या असतात. त्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते, आणि दिसायला ती मोठी देखणी असते. पण त्या नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. आजच्या बिनधुराच्या दारूची काडतुसे त्यांत घातली तर नळी फुटू शकते. नक्षीला भुलू नका. बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराला आधी दाखवा.

विलायतीवरून आठवले. खाजगी माणसाने परदेशी शस्त्रे आणणे १९८० च्या दशकात बंद झाले. त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या जुन्या विलायती बंदुकीला आज भारी भाव येतो. आता सांगा, लाखाची वस्तू कुणी अठरा हजारांना घरपोच का देईल? भारतात कारखान्याची शस्त्रे मिळतात, इच्छापूरच्या कारखान्याची.३१५ ची रायफल, कानपूरचे .३२ चे रिव्हॉल्व्हर ही नावे तुम्ही ऐकली असतील. भामटेही हीच नावे घेतात, म्हणून नुसत्या नावावर जाऊ नये.

माळ्यावरची बंदूक

फसतो तो घेणाराच असे नाही. पुष्कळ घरांत आजोबांची ठासणीची बंदूक असते. परवाना आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन दहा वर्षे झाली, बंदूक दसऱ्याला पुजतात आणि पुन्हा गोणपाटात गुंडाळून ठेवतात. मग घरातला एखादा तरुण मुलगा तिचा फोटो काढून ‘पुरातन वस्तू’ म्हणून मोबाइलवर टाकतो. लगेच गिऱ्हाईक येते. “एक लाख देतो. तुम्हांला एक चौकोनी चित्र पाठवले आहे, ते स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.” मुलगा पिन टाकतो, आणि खात्यातले होते तेवढे जातात. बंधूंनो, यूपीआयचा पिन हा फक्त पैसे देताना लागतो. घेताना कधीच लागत नाही. ही एक ओळ घरातल्या प्रत्येकाने, विशेषतः बचत गटाचे खाते सांभाळणाऱ्या भगिनींनी, पाठ करून ठेवावी.

पण पिनाचे जाऊ द्या. त्या घराने आणखी एक जोखीम ओढवून घेतली होती. परवानाधारक वारला, की बंदूक घरात ठेवण्याचा हक्क संपतो. वारसांनी ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. मग वारसाने आपल्या नावावर परवाना मागायचा, किंवा रीतीने विकायची. ‘पुरातन आहे, परवाना लागत नाही’ हे अर्धसत्य आहे. जुन्या शस्त्राला सूट मिळते ती, ते दुरुस्त करूनही चालणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. घोडा बसवला की बार काढणारी आजोबांची ठासणी त्यात बसत नाही. आणि तिचा फोटो जाहीर टाकणे म्हणजे विनापरवाना शस्त्र घरात आहे हे आपल्याच हाताने लिहून देणे.

बंदूक असली म्हणजे डुकरावर चालवायला मोकळीक मिळाली, असेही समजू नये. रानडुकराला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चे संरक्षण आहे. उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या जनावराबाबत त्या कायद्याच्या अकराव्या कलमाखाली वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळते, तेव्हाच ती गोळी कायद्याची ठरते. नुकसानभरपाईचा अर्जही नासाडी झाल्याबरोबर करावा. रान साफ करून मग गेलात तर पंचनामा कशाचा होणार?

पैसे गेलेच असतील तर

लाज बाजूला ठेवा. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन लावा. हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभरचा क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे चोराच्या खात्यातच अडवण्याची शक्यता जास्त. दोन तासांत केलेला फोन आणि दोन दिवसांनी केलेला फोन यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बँकेलाही सांगा. पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक, समोरच्याचे नंबर, आलेले फोटो, बोलणे, काहीही पुसू नका. पोरे घाबरून सगळे पुसून टाकतात आणि पुरावाच नाहीसा करतात.

‘पण मीच विनापरवाना घेत होतो’ ही भीती? शस्त्र हातात आलेच नाही, तर ते बाळगल्याचा गुन्हा कुठून होणार? ठाण्यात जाताना एखादा जाणता वकील बरोबर घ्या आणि झाले ते झाले तसे सांगा. ट्रॅक्टर घेत होतो, मोटार घेत होतो, अशी खोटी हकीगत रचू नका. फोनमधल्या बोलण्याशी ती जुळत नाही आणि मग तुमच्याच बोलण्यावरचा विश्वास उडतो. फसवणुकीला आपण अजून ‘चारशेवीस’ म्हणतो. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ झाले आहे, एवढाच फरक.

आणि तो दुसरा फोन, क्राइम ब्रँचचा. खरे पोलीस फोनवर तडजोड करीत नाहीत. चित्रफितीवर बसवून ठेवून कुणाला अटक करता येत नाही. ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाही. असा फोन आला तर एवढेच म्हणावे, “साहेब, आमच्या ठाण्यात येतो, तिथे बोलू.” मग फोन ठेवून खरोखरच ठाण्यात जावे.

आमच्या त्या गृहस्थांनी अखेर तक्रार दिली, पण दीड महिना उलटून गेल्यावर. क्राइम ब्रँचच्या नावाने घेतलेल्या पंधरा हजारांपैकी थोडे दुसऱ्या राज्यातल्या एका खात्यात अडकलेले सापडले. ते सोडवण्याचा अर्ज चालू आहे. बंदुकीचे वीस हजार गेले ते गेलेच. शेतीसंरक्षणाच्या परवान्याचा अर्ज त्यांनी या वर्षी जिल्ह्याला दिला आहे, नासाडीचे तीन पंचनामे जोडून. तोवर शेजारच्या चार शेतकऱ्यांनी मिळून बांधाला सौर कुंपण घातले आहे आणि रात्रीच्या पाळ्या लावल्या आहेत. त्यांची पाळी मंगळवारी असते. डोरले अजून सोनाराकडेच आहे.